चेतक, पण फटफट कुठंय?

राहात्यात नगर-मनमाड रस्त्यालगतच्या टपरीवर परवा एक इलेक्ट्रिक चेतक येऊन थांबली आणि चहा थंड होईपर्यंत वाद चालला. "हिला चेतक म्हणायचं? मागून आली तरी कळत नाही!" काका म्हणाले. त्यांची चेतक म्हणजे 1972 पासूनची टू-स्ट्रोक: डाव्या मुठीत गियर, पेट्रोलात ऑइल, रुसली की कुशीवर तिरकी करून किक. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि मिळाली की नवरा-बायको, दोन पोरं, वर दुधाची किटली. 2009 मध्ये बजाजनं स्कूटर बंद करायचं ठरवलं, तेव्हा खुद्द राहुल बजाज यांनी नाराजी बोलून दाखवली होती. नाव परतलं 2020 मध्ये, विजेवर. पत्र्याची बॉडी टिकवली, हे मला पुरेसं वाटतं. गियर गेला, जाऊ दे (डाव्या मनगटाला विचारा). आणि वारशाचंच म्हणाल, तर जुनी चेतक तरी कुठली अस्सल गावठी? घडण इटलीच्या व्हेस्पाची, नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं, कारखाना आकुर्डीचा. आकुर्डीतच 2022 मध्ये विजेच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला, म्हणजे माहेर तेच. काकांना हे पटलं नाही. तरी चावी मागून त्यांनी एक चक्कर मारलीच. उतरल्यावर बराच वेळ पायापाशीची जागा वितीनं मोजत राहिले. "इथं पेरूचं कॅरेट बसंल का रे?"