खारट पापा
मुलाचा पापा खारट लागला, तर ते फार दिवसांचे सोबती नव्हे, अशी युरोपातल्या आयाबायांची जुनी समजूत होती. ती अगदीच खुळी नव्हती. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात घामातून मीठ फार जाते, हे १९५३ साली न्यूयॉर्कच्या डॉ. दि सांताग्नेसे यांनी दाखवून दिले.

आपल्याकडे असल्या मुलाचा खोकला पुष्कळदा दम्याच्या खात्यावर मांडला जातो आणि रोडपणा कुणाच्या तरी नजरेच्या! खारट पाप्याच्या जोडीला चिकट कफाचा न हटणारा खोकला, वारंवार न्युमोनिया, भूक भरपूर पण अंगी काही लागत नाही, शौच तेलकट व घाण वासाचे, अशा खुणा दिसल्या, तर डॉक्टरांना घामाच्या तपासणीविषयी अवश्य विचारावे. वेळीच निदान झालेली कितीतरी मुले आज उपचारांनी मोठी होतात, संसारही थाटतात.