मजुरीवरच का घासाघीस?

मैत्रिणींनो, आजचा विषय जरा तेलकट आहे. जुन्या मोटारसायकलचं इंजिन आणि त्याच्या दुरुस्तीची मजुरी. "हा काय बायकांचा विषय?" म्हणून पान उलटू नका. गाडी घरातले पुरुष फिरवत असतील, पण तिचं बिल शेवटी आपल्याच डब्यातल्या पैशांतून भागतं. आणि आमच्या हिर्डोशीत तर हा विषय थेट बचत गटाच्या बैठकीत आला.

गटातल्या एका ताईंनी साडेतेरा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण काय, तर सासऱ्यांच्या वेळची राजदूत. चार पावसाळे पडवीत उभी होती. वरंध घाटाच्या तोंडाशी आमचं गाव, इथला पाऊस लोखंडाला सोडत नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसलेला, किक खालीच जाईना. मुलाला दुधाचे कॅन घेऊन रोज जा-ये करायची आणि नवी गाडी घ्यायची तर लाखाच्या घरात. भोरच्या मिस्त्रींनी कागदावर लिहून दिलं होतं: सामान ६,२०० रुपये, लेथवाल्याचं काम १,८००, मजुरी ५,५००.

सामानाच्या आकड्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. लेथच्या आकड्यावरही नाही. मजुरी वाचली मात्र, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. "साडेपाच हजार नुसत्या हाताचे?" "पाना फिरवायचे एवढे पैसे?" एकीने तर विचारलं, "अगं, ती गाडी भंगारात तरी तेवढ्याला जाईल का?"

या शेवटच्या प्रश्नात दोन गोष्टींची खिचडी झाली आहे असं माझं मत आहे. गाडी दुरुस्त करावी की विकावी, हे गाडीच्या किमतीवर ठरवा. पण एकदा दुरुस्त करायची ठरली की मिस्त्रीची मजुरी गाडीच्या किमतीवर मोजता येत नाही. जुन्या पातेल्याला कल्हई करणारा पातेलं किती रुपयांचं होतं ते विचारून दर सांगतो का? तो भांड्याचा आकार आणि झीज बघतो.

मग मजुरी मोजायची कशावर? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कुठल्या कामाला किती, हे ठरलेलं असतं. गाडी नवी, बोल्ट सरळ सुटतात, सुटा भाग फळीवर तयार. चाळीस वर्षांच्या राजदूतसाठी असा तक्ता कुठून आणणार? एक गंजलेला स्टड तुटून आत अडकला तर तो काढण्यातच अर्धा दिवस जातो, आणि तो तुटणार की नाही हे आधी ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

मी त्या गॅरेजात जाऊन अर्धा दिवस बसले. (मिस्त्रींना आधी वाटलं, वहिनी भांडायला आल्या.) राजदूतचं इंजिन एका सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, म्हणून दिसायला सोपं. पण त्यात पेट्रोल आणि हवा पिस्टनच्या खालच्या क्रँकच्या पेटीतून फिरून वर जाते. ती पेटी हवाबंद राहायला हवी. क्रँकचं ऑइल सील थोडं जरी गळकं राहिलं, तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, इंजिन तापतं आणि पिस्टन पुन्हा धरतो. सिलिंडर झिजून लांबट झालेला, तो लेथवर बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवायचा. कनेक्टिंग रॉड बदलायचा तर क्रँक दाबयंत्रावर उलगडायचा आणि पुन्हा जोडताना तो अगदी मध्यावर आणायचा. केसाएवढा फरक राहिला तरी गाडी थरथरते. लेथवाल्याचं काम यंत्रावरचं. बाकी उकलणं, धुणं, मापं घेणं, पॅकिंग कापणं, जोडणं, पुन्हा उकलणं, ही सगळी नजरेची आणि हाताची कामं. आपण त्याला 'नुसते हाताचे पैसे' म्हणतो.

शिवाय सामान शोधायचं कुणी? राजदूत बनणं कधीच थांबलं. ('बॉबी' सिनेमात, १९७३ साली, ऋषी कपूरने डिंपलला बसवून नेली ती बुटकी गाडी राजदूतच. आमच्या वयाच्या बायकांना गाडीचं नाव तेवढ्यासाठी पाठ.) जावा-येझदीचा म्हैसूरचा कारखानाही १९९६ मध्ये बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये बाजारात परत आलं खरं, पण नव्या गाड्यांचं इंजिन निराळं, त्याचा पिस्टन जुनीला चालत नाही. म्हणजे मिस्त्रीने एस.टी. पकडून पुण्याची नाना पेठ गाठायची आणि दुकानामागून दुकान पालथं घालायचं. त्या दिवसाचे पैसे कुठल्या रकान्यात लिहायचे?

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथेच. आपण मजुरी दाबली की ती नाहीशी होत नाही, सामानात जाऊन लपते. चारशेचा भाग सहाशेला लागतो, चांगलं असलेलं बेअरिंग 'गेलंय' म्हणून बदललं जातं. गिऱ्हाईक हाताच्या कामाचे पैसे देत नाही, पण डबीतल्या वस्तूचे मुकाट देतं, हे मिस्त्री वर्षानुवर्षं बघतो. लबाडी शिकवणारे अर्धे तरी आपणच असतो. मी मिस्त्रींची बाजू घेते आहे असं समजू नका. लबाडी ती लबाडीच. पण मजुरी उघडपणे द्यायची तयारी असेल, तरच सामानाचा हिशोब उघडपणे मागायचा आपला हक्क खणखणीत राहतो.

बैठकीत हे सांगितल्यावर आमच्या शिवणकाम करणाऱ्या ताई ताडकन म्हणाल्या, "मी तरी दुसरं काय सांगते? साडीच्या दुकानात दीड हजार न बोलता मोजता आणि माझ्याकडे ब्लाउजच्या शिलाईत वीस रुपये सोड म्हणता." सगळ्या गप्प. कारण गटातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्याच शिवतात.

पूर्वी गावात लोहार-सुतार नांगर दुरुस्त करायचा आणि सुगीला बलुतं न्यायचा. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' पुस्तकात या व्यवस्थेचं तपशीलवार वर्णन आहे. प्रत्येक कामाला वेगळा दर नव्हता. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, ती गेली ते बरंच झालं. पण कारागिराच्या एका कामाची रोख किंमत लावायची सवय आपल्याला फार जुनी नाही, हे मात्र खरं. आणि घरकामाची किंमत कुणी लावतच नाही, तेव्हा हाताच्या कामाचं मोल आपल्यालाही फुकटाएवढंच वाटायला लागतं की काय, अशी मला शंका येते. असो.

आता आकडेमोड. मिस्त्रींचं काम बघून मी हिशोब केला: उकलण्यापासून चालू करेपर्यंत, पुण्याची फेरी धरून, सहा दिवस. ५,५०० भागिले सहा, म्हणजे रोजचे नऊशेच्या थोडे वर. आमच्याकडे गवंडी दिवसाला नऊशे-हजार घेतो आणि त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नाही. मिस्त्रीला तर त्या नऊशेतून गाळ्याचं भाडं, वीजबिल, पान्यांचा खर्च आणि हाताखालच्या पोराचा पगार भागवायचा. मला तरी मजुरी जास्त वाटली नाही. त्यांनी याच कामाचे बारा हजार सांगितले असते, तर मी स्वतः हात जोडून बाहेर पडले असते.

मात्र डोळे मिटून पैसे द्या असं मी म्हणणार नाही. इंजिन उघडण्याआधी बोलून घ्या. उकललेलं इंजिन पोत्यात भरून दुसऱ्याकडे नेता येत नाही, तिथे आपण अडकतो. उघडून बघण्याचे किती, आणि बघितल्यावर काम नाही केलं तर किती, हेही विचारा. काढलेले जुने भाग परत मागा. सामानाची दुकानाची पावती मागा. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. आणि दुसरी बाजूही माहीत असू द्या: १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमानुसार, केलेल्या कामाचे ठरलेले पैसे मिळेपर्यंत कारागीर ती वस्तू अडवून ठेवू शकतो. कलमाच्या दाखल्यात चक्क कोट शिवणारा शिंपी आहे. उधारी कबूल केली असेल, तर मात्र त्याला वस्तू अडवता येत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी गाडीचे कागद बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. त्याची दुचाकीची फी एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाली आणि वीस वर्षांवरच्या मोटारसायकलींना ऑगस्ट २०२५ मध्ये ती २,००० केली गेली. 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, आणि मग ती रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे दुधाचे कॅन बंद!

ताईंना कर्ज मंजूर झालं, पण गटाने अटी घातल्या. नूतनीकरणाचा अर्ज आधी. मजुरीतले दोन हजार काम सुरू करताना, दोन हजार इंजिन चालू झाल्यावर आणि उरलेले दीड हजार गाडी पाचशे किलोमीटर बिनतक्रार चालल्यावर. नवं बोअरिंग सुरुवातीला हळूच चालवायचं असतं, हे मिस्त्रींनी मुलासमोर दोनदा बजावलं आणि पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं तेही कागदावर लिहून दिलं. हप्त्यांची अट ऐकून ते नाराज होतील असं आम्हाला वाटलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, मजुरीचा आकडा कमी केला नाहीत ना? मग हप्त्याने द्या."