मताचे घर कोणते?

लखनौ शहराच्या दक्षिणेस, रायबरेली मार्गावर, वृंदावन योजना नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. नाव ऐकताच मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे अंगणातील तुळस उभी राहील. परंतु हे वृंदावन उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने आखलेले असून त्याचे भाग सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखले जातात. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आणि बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ ही दोन्ही याच मार्गावर असल्यामुळे दूरदूरच्या विद्यार्थ्यांना येथे खोली घेऊन राहणे सोयीचे पडते.

समजा, कल्याणची एक मुलगी शिक्षणासाठी येथे येऊन राहिली आहे. नुकतीच तिला अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत. आईवडिलांची इच्छा अशी की, शिधापत्रिकेवर जेथे तिचे नाव आहे तेथेच मतदारयादीतही असावे. मुलीला वाटते की, जेथे आपण राहतो तेथे मत द्यावे. वाचकहो, असा प्रश्न आपल्यापैकी अनेक कुटुंबांत आज उद्याच उभा राहणार आहे, आणि त्याचे उत्तर ऐकीव माहितीवर सोडून देणे बरे नव्हे.

या बाबतीत कायदा काय म्हणतो? 1950 च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने मतदाराची जात, भाषा वा जन्मगाव विचारलेले नाही. मतदार भारताचा नागरिक असावा, ठरलेल्या तारखेस त्याचे वय अठरा वर्षांचे असावे आणि तो त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा, इतकीच त्याची अपेक्षा आहे. केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. तसेच तात्पुरते बाहेरगावी गेल्याने कोणाचे रहिवासीपण संपतही नाही. विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये असतो. म्हणून निवडणूक आयोगाने त्याला निवडीची मोकळीक दिली आहे. आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर अथवा वसतिगृहाच्या किंवा खोलीच्या पत्त्यावर, कोठेही एका ठिकाणी त्याला नाव नोंदविता येते. शिक्षणाच्या ठिकाणी नोंदवावयाचे तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि निदान एक वर्षाचा असावा लागतो.

'एका ठिकाणी' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. दोन याद्यांत नाव ठेवण्यास कायद्याची मनाई आहे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'दोन्हीकडे असू द्या, वेळ येईल तसे पाहू' हा काही घरांतून ऐकू येणारा सल्ला किती धोक्याचा आहे, हे यावरून ध्यानी यावे.

मग निवड कशी करावी? 20 मे 2024 हा दिवस आठवावा. लोकसभा निवडणुकीच्या पाचव्या टप्प्याचे मतदान त्या दिवशी लखनौ व मोहनलालगंज येथे झाले, आणि त्याच दिवशी मुंबई, ठाणे, कल्याण, नाशिक येथेही झाले. लखनौहून मुंबईस येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसला सुमारे एक अहोरात्र लागते. कल्याणच्या यादीत नाव असलेल्या मुलीला एका मतासाठी जाऊन येऊन दोन दिवस गाडीतच काढावे लागले असते. टपालाने मत पाठवावे म्हटले, तर ती सोय सैनिकांना, निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यांना, 85 वर्षांवरील वृद्धांना आणि अशाच काही ठराविक मतदारांना आहे, विद्यार्थ्यांना नाही. परगावी राहणाऱ्यांना आपल्या मतदारसंघासाठी दुरून मत देता यावे, अशा यंत्राचा नमुना आयोगाने 2023 च्या जानेवारीत राजकीय पक्षांपुढे ठेवला होता. पण तो प्रत्यक्ष व्यवहारात आलेला नाही.

तेव्हा आमचे मत असे की, अभ्यासक्रम तीन-चार वर्षांचा असेल तर जेथे राहतो तेथे नोंद करावी. जो रस्ता रोज तुडवावयाचा, जे नळाचे पाणी प्यावयाचे, त्याविषयी बोलण्याचा अधिकार असणे उचित होय. वर्षभराचाच मुक्काम असेल, किंवा दर सुटीस घरी येणे होत असेल, तर घरची नोंद मोडण्याचे कारण नाही.

'परक्या प्रांतात आपल्या मुलीचे नाव कोण घेणार?' अशी शंका एखाद्या वडीलधाऱ्याच्या मनात येईल. ती शंका नवी नव्हे. ती संविधानसभेतच उपस्थित झाली होती. 15 जून 1949 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निवडणूक आयोगाविषयीचे सुधारित कलम सभेपुढे मांडले. काही प्रांतांत बहुसंख्य लोकांहून भाषेने, वंशाने वा संस्कृतीने वेगळ्या असलेल्यांना मतदारयादीतून वगळले जात असल्याचे आपल्या कानी आल्याचे त्यांनी त्या वेळी सांगितले. प्रत्येक प्रांताचा निराळा आयोग नेमण्याची पहिली योजना सोडून साऱ्या देशासाठी एकच आयोग नेमावा, असे ठरण्यामागे हे एक मोठे कारण होते. आजचे कलम 324 ते हेच. वृंदावन योजनेतून विद्यापीठात जाणाऱ्या त्या मुलीला ते नाव दररोज प्रवेशद्वारावर दिसते. तिला लखनौच्या यादीत जागा मिळते ती कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथमच नाव नोंदविणाऱ्याने नमुना 6 भरावा. आयोगाच्या संकेतस्थळावर तो घरबसल्या भरता येतो, अथवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो. सोबत छायाचित्र, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा जोडावा. विद्यार्थ्याची अडचण बहुधा शेवटच्या कागदापाशी होते, कारण विजेचे देयक घरमालकाच्या नावे असते. अशा वेळी महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे अथवा विद्यापीठाच्या कुलसचिवांचे विद्यार्थी असल्याबद्दलचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. अधिकारी चौकशीस येईल तेव्हा खोलीला कुलूप नसावे, एवढे मात्र पाहावे. ज्याचे नाव गावी आधीच आहे, त्याने पुन्हा नमुना 6 भरू नये. त्याच्यासाठी स्थलांतराचा नमुना 8 आहे. त्याने जुनी नोंद निघून नवी होते.

पूर्वी 1 जानेवारी ही एकच तारीख वयासाठी धरली जात असे. फेब्रुवारीत जन्मलेल्याला त्यामुळे जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. 2022 च्या ऑगस्टपासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आल्या, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येऊ लागला. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणारे मात्र बहुधा मागे राहतात. उमेदवारी अर्जांची अखेरची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते.

उत्तर प्रदेशातील विद्यार्थ्यांस आणखी एक सूचना. 27 ऑक्टोबर 2025 रोजी आयोगाने त्या राज्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केले. घरोघर नमुने वाटून होणाऱ्या अशा कामात खोली बदललेल्या विद्यार्थ्याचे नाव गळण्याचा संभव अधिक. ओळखपत्र खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नये. यादीत नाव नसेल तर ओळखपत्राने मत देता येत नाही. उलट यादीत नाव असून ओळखपत्र हरवले असेल, तर आधारपत्र, पारपत्र, वाहन परवाना असा आयोगाने मान्य केलेला दुसरा पुरावा चालतो. नाव आहे की नाही हे संकेतस्थळावर पाहता येते, किंवा 1950 या दूरध्वनी क्रमांकावर विचारता येते. आयोगाच्या स्थापनेचे वर्षही तेच असल्याने क्रमांक विसरण्याची भीती नाही.

शिक्षण संपवून मुलगी कल्याणला परतली, की पुन्हा नमुना 8 भरावयाचा, आणि तो सामान बांधतानाच भरलेला बरा.