विश्लेषण : बार्सिलोनाला पर्यटक जड का झाले? माहीमने त्यातून काय शिकावे?

सुट्टीत गोवा की युरोप, हा प्रश्न आता माहीम-दादरच्या अनेक घरांत निघतो. युरोपात समुद्रही हवा असेल, तर स्पेनमधील बार्सिलोनाचे नाव हमखास पुढे येते. मात्र याच शहरात ६ जुलै २०२४ रोजी रहिवाशांनी मोर्चा काढला आणि काहींनी उपाहारगृहांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. ही वेळ का आली?

बार्सिलोनाचा किनारा पूर्वीपासून असाच होता का?

नाही. साधारण चाळीस वर्षांपूर्वी या शहराने समुद्राकडे पाठ फिरवली होती. किनाऱ्यालगत कारखाने, गोदामे आणि रेल्वेचे रूळ होते. १९९२ च्या ऑलिम्पिकसाठी तेथील कारखाने आणि रूळ हटवण्यात आले, सांडपाण्याच्या नव्या वाहिन्या टाकल्या गेल्या, लाटा अडवणारे बांध घातले आणि वाळू आणून चौपाट्या तयार केल्या. आज सहलीच्या छायाचित्रांत दिसणारी ही सोनेरी पट्टी बऱ्याच अंशी माणसाने घडवलेली आहे. वादळात वाळू वाहून जाते आणि ती पुन्हा भरावी लागते.

मग रहिवाशांचा राग कशावर?

राग पाहुण्यांपेक्षा घरभाड्यावर अधिक आहे. २०२४ मध्ये स्पेनला सुमारे ९.४ कोटी परदेशी पर्यटकांनी भेट दिली. बार्सिलोनाची लोकसंख्या मात्र १७ लाखांच्या आसपास. महिन्याच्या भाडेकरूपेक्षा चार रात्रींचा पर्यटक जास्त पैसे देतो, त्यामुळे घरमालकांनी सदनिका पर्यटकांकडे वळवल्या. शहरातील घरभाडी दहा वर्षांत ६८ टक्क्यांनी वाढल्याचे महापौर जॉमे कोलबोनी यांनी सांगितले. बार्सेलोनेता ही अठराव्या शतकात वसलेली, मच्छीमार आणि बंदर कामगारांची दाटीवाटीची वस्ती. चौपाटीला खेटून असल्याने तिला सर्वाधिक झळ बसली. २०१४ च्या ऑगस्टमध्येच तेथील लोक रस्त्यावर उतरले होते.

उपाय काय केले जात आहेत?

शहरातील १०,१०१ पर्यटक सदनिकांच्या परवान्यांचे नूतनीकरण न करता नोव्हेंबर २०२८ पर्यंत ते संपुष्टात आणण्याचा निर्णय जून २०२४ मध्ये जाहीर झाला. मुक्कामाच्या दर रात्रीसाठी माणशी पर्यटन करही घेतला जातो. मात्र केवळ परवाने बंद केल्याने भाडी उतरतीलच असे नाही. परवडणारी नवी घरेही बांधावी लागतील.

सहकुटुंब जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. म्हणजे आईवडील आणि आठ-दहा वर्षांची दोन मुले असतील, तर २७० युरो केवळ शुल्काचे. अर्ज केंद्राचा आकार वेगळा. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा आवश्यक असतो. एप्रिलमध्ये तेथील समुद्राचे पाणी थंड असते. मुलांना डुंबायचे असेल तर जून बरा. राहण्यासाठी हॉटेल निवडावे. सदनिका घ्यायचीच असेल, तर तिचा परवाना क्रमांक तपासावा. वस्तीत रात्री आवाज कमी ठेवावा, ही अपेक्षा तिथे फार कळीची आहे.

माहीमचा याच्याशी संबंध काय?

माहीमलाही समुद्र आहे, चौपाटी आहे, किल्ला आहे आणि कोळीवाडा आहे. पण मिठी नदी शहराचे सांडपाणी आणि कचरा घेऊन याच खाडीत उतरते. त्यामुळे माहीमची मुले घराजवळच्या पाण्यात पाय बुडवू शकत नाहीत. त्यासाठी अलिबाग, गोवा किंवा स्पेन गाठावे लागते. धारावी, वांद्रे, वरळीसह सात ठिकाणच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. ती वेळेत पूर्ण होऊन नीट चालली, तर खाडीचे रूप पालटू शकेल. कोळीवाड्यातील महिला बचत गटांच्या सी-फूड प्लाझाने खवय्यांना किनाऱ्यावर खेचून दाखवले होते.

बार्सिलोनाचा खरा धडा इथेच आहे. किनारा स्वच्छ झाला की जमिनीचा भाव चढतो आणि पहिला धक्का किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना बसतो. बार्सिलोनाने आधी किनारा सुधारला आणि तीस वर्षांनी रहिवाशांची घरे वाचवायला धावाधाव सुरू केली. मुंबईत कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी जुनीच आहे. खाडी स्वच्छ होण्याआधी ती मार्गी लागली, तर उद्या माहीमला येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत कोळीणच करेल. तसे न झाल्यास किनारा देखणा होईल, पण होड्या नांगरणारे तिथे नसतील.