जठराचा दाह आणि वनौषधींची मर्यादा

बोरिवली, गोरेगाव आणि मुलुंड यांच्या मध्ये जे अरण्य अद्याप उभे आहे, त्यात मुरुडशेंग आणि कुडा ही झाडे आढळतात. पोटात मुरडा आला की मुरुडशेंग उगाळावी, अतिसारावर कुड्याची साल द्यावी, हा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तो टाकाऊ मुळीच नव्हे.

अडचण उत्पन्न होते ती जठराच्या जुनाट दाहाच्या बाबतीत. छातीखालची जळजळ, रिकाम्या पोटी दुखणे, थोडे खाताच पोट फुगणे या सर्वांस ‘पित्त’ हे एकच नाव देऊन आवळा, आमसुलाचे सार व थंड दूध यांवर वर्षे काढली जातात. तात्पुरता आराम पडतो, आणि तोच घात करतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी अशा दाहाच्या मुळाशी पुष्कळदा ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू असतो असे दाखविले. त्याबद्दल त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू मुरुडशेंगेप्रमाणेच पिळाचा असतो. साम्य मात्र तेवढ्यापुरतेच. तो स्वतःभोवती अमोनिया निर्माण करून आम्लाची धार बोथट करतो आणि जठराच्या बुळबुळीत अस्तराखाली दडून बसतो. काचपात्रात अनेक वनस्पतींचे अर्क त्याची वाढ रोखतात. परंतु जठर म्हणजे काचपात्र नव्हे, आणि केवळ काढ्याने तो खात्रीने नाहीसा होतो असे सिद्ध झालेले नाही.

ज्येष्ठमधाचेच पाहा. त्यातील द्रव्यापासून बनविलेले कार्बेनॉक्झोलोन हे औषध १९६० नंतरच्या दशकात जठरातील व्रणावर दिले जात असे. व्रण भरून येत. पण रक्तदाब चढे व अंगावर सूज येई. तेव्हा ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे म्हणणे खरे नव्हे. रक्तदाब असलेल्या वृद्धास किंवा गर्भवतीस ज्येष्ठमध रोज देऊ नये.

श्वासाच्या अथवा शौचाच्या तपासणीने जंतूचा पत्ता लागतो. डॉक्टर आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर दोन किंवा अधिक प्रतिजैविके, बहुधा चौदा दिवस, देतात. पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या थांबविणारा रोगी जंतूला त्या औषधाची सवय लावून देतो. हा दोष वनौषधींचा नाही, उतावळेपणाचा आहे. अंगदुखीच्या गोळ्यांनीही जठर सोलवटते, हेही विचारून घ्यावे.

हा संसर्ग बहुधा बालपणी, घरातल्या घरात होतो. दूषित पाणीही संशयास्पद आहे. म्हणून नाल्याच्या पाण्यावर पालक व माठ पिकविण्याची उपनगरांतील रीत समर्थनीय नाही, मग भाजी कितीही हिरवीगार दिसो.

ग्रामसेवकांनी आवळा व शतावरीच्या लागवडीस अवश्य उत्तेजन द्यावे, मात्र चूर्णाच्या पुडीवर ‘जंतुनाशक’ असे छापू देऊ नये. शौचास डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त पडणे, वजन उतरणे यांपैकी काहीही दिसल्यास काढा बाजूस ठेवून रोग्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. घाटकोपरकडील लोकांना राजावाडी जवळ पडते, अंधेरीकडील लोकांना कूपर.