डबलसीट, पण डोंगरात!

डबलसीट हा शब्दच भारी आहे. कॉलेजात मित्राच्या कॅरिअरवर बसून केलेली ती बेकायदा सवारी आठवते ना? टँडेम ही तिचीच सुधारित, दोन जोडी पेडलवाली आवृत्ती. पुढे बसतो तो कॅप्टन. हँडल, गिअर, ब्रेक सगळं त्याच्या हातात. मागचा, किंवा मागची, म्हणजे स्टोकर. त्याच्या वाट्याला पेडल आणि पुढच्याची पाठ. रस्ता दिसत नाही, ब्रेक बहुधा हाताशी नसतो. उरतो फक्त भरवसा. पुण्याच्या अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशनच्या राइड्समध्ये डोळस कॅप्टन आणि अंध स्टोकर एकाच टँडेमवर बसतात. टँडेमचं मर्म काय, ते तिथे कळतं.

आता हीच सायकल वीकएंडला डांबर सोडून मुळशीकडच्या एखाद्या दगडगोट्यांच्या उतारावर घालायची म्हटलं, की प्रश्न येतो: पुढे शॉकअप कुठला? म्हणजे सस्पेन्शन फोर्क, आपल्या सायकलवाल्याच्या भाषेत शॉकअपवाला चिमटा. बहुतेक जण आधी बघतात ट्रॅव्हल किती आणि दिसतो कसा. बॉस, टँडेमसाठी हे दोन प्रश्न सगळ्यात शेवटी. पहिला प्रश्न एकच: हा वाकणार किती?

वजनाचं गणित

कॅप्टन 70 किलो, स्टोकर 60, टँडेम 20. झाले 150. तोच कॅप्टन 13 किलोच्या एकट्याच्या सायकलवर बसला तर एकूण 83, आणि त्यातलं साधारण 40 टक्के, म्हणजे 33 किलो, पुढच्या चाकावर. टँडेमवर स्टोकर जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावरच बसतो, त्यामुळे पुढे निम्म्याहून थोडं कमी येतं. तरी ते 65-70 किलो भरतं. सरळ दुप्पट!

पण खरी गोम ब्रेकमध्ये आहे. एकट्याच्या सायकलवर पुढचा ब्रेक करकचून दाबला की मागचं चाक उचलतं आणि आपण हँडलवरून पुढे. या भीतीनेच आपला हात आवरतो. टँडेमची दोन चाकं एकमेकांपासून पावणेदोन मीटरच्या आसपास लांब, त्यामुळे ती अशी सहजासहजी उलटत नाही. मग पकड असलेल्या कोरड्या वाटेवर टायर घसरेपर्यंत ब्रेक दाबता येतो, आणि 150 किलोंना थांबवायचा सगळा जोर फोर्कला मागे वाकवतो. म्हणजे फोर्कवरचा ताण दुपटीवर थांबत नाही, त्याच्याही पुढे जातो.

जाडी बघा, कडी बघा

फोर्कच्या वरच्या चकचकीत नळ्यांना स्टँशन म्हणतात. एकट्याच्या क्रॉसकंट्री सायकलला 32 मिलिमीटरच्या नळ्या पुरतात. टँडेमसाठी 35-36 पासून पुढे बघा. चार मिलिमीटरने काय होतंय? भिंतीची जाडी तीच ठेवली तरी 32 वरून 36 वर गेल्यावर नळीचा कडकपणा सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो. रॉकशॉक्सचा लिरिक 35 चा, फॉक्सचा 36 नावाप्रमाणेच 36 चा. 2020 मध्ये रॉकशॉक्स झेब आणि फॉक्स 38 आले, दोन्ही 38 मिलिमीटरचे. दणकट आहेत, पण ते मुख्यतः 160 मिलिमीटर आणि त्यापुढच्या ट्रॅव्हलसाठी बनतात. टँडेमच्या फ्रेमला तेवढी उंची झेपेलच असं नाही.

दुसरी गोष्ट अ‍ॅक्सल. जुना 9 मिलिमीटरचा क्विक रिलीज खालून उघड्या खाचेत बसतो, आणि डिस्क ब्रेकचा जोर त्याला त्याच खाचेतून बाहेर ढकलतो. दोघांच्या वजनाला हा खेळ नकोच. बंद भोकातून आरपार जाणारा 15 किंवा 20 मिलिमीटरचा थ्रू-अ‍ॅक्सल हवा. डिस्क 203 मिलिमीटरची, आणि तेवढी चालेल असं फोर्कवाल्याने सांगितलेलं हवं.

मग डाउनहिलचा, दोन क्राउनवाला फोर्कच लावला तर? ताकद मिळेल, पण त्याच्या नळ्या फ्रेमला अडतात आणि हँडल कमी वळतं. टँडेमला वळायला आधीच अख्खं मैदान लागतं! शिवाय असा फोर्क लावायला फ्रेमवाल्याची परवानगी लागते.

मौन म्हणजे होकार नव्हे

हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. फोर्कची पुस्तिका वाचा. कुठे टँडेमला थेट नकार असतो, कुठे वजनाची मर्यादा असते, कुठे काहीच लिहिलेलं नसतं. काहीच नसेल तर फोर्क कंपनीला आणि फ्रेम बनवणाऱ्याला ई-मेल टाका, लेखी उत्तर घ्या. दुकानदाराचं ‘चालतंय हो, काय होत नाही’ म्हणजे उत्तर नव्हे. जाड नळी ही परवानगी नसते.

आता ट्रॅव्हल

मुरमाच्या आणि खडकाळ वाटांना 100 ते 120 मिलिमीटर पुष्कळ झाले. फोर्क जितका लांब, तितका फ्रेमच्या मानेवरचा तरफेचा जोर जास्त. म्हणून फ्रेमवाल्याने सांगितलेली फोर्कची लांबी ओलांडू नका. फक्त कच्च्या सडकाच करायच्या असतील तर शॉकअपचा हट्टच सोडा. टँडेमसाठी बनवलेला साधा, बिनशॉकअपचा फोर्क आणि रुंद टायर हे स्वस्त आणि बिनघोर उत्तर आहे.

हवेचा की स्प्रिंगचा? हवेचा सोयीचा, कारण पंपाने दाब बदलता येतो. पण कमाल दाब किती, ते आधी बघा. दोघंही बसल्यावर फोर्क ट्रॅव्हलच्या 20-25 टक्के दबायला हवा, म्हणजे 120 मिलिमीटरला 24 ते 30. एवढं साधायला कमाल दाब ओलांडावा लागत असेल तर तो फोर्क तुमचा नाही. आणि दाब वाढवला की फोर्क उसळून परत येतो, म्हणून रिबाउंडचा स्क्रू हळूच्या बाजूला फिरवा. तो पूर्ण फिरवूनही उसळी थांबत नसेल, तरी उत्तर तेच.

मागच्याचं काय?

इथे बरीच जोडपी फसतात. महागडा फोर्क कॅप्टनच्या मनगटांना सुख देतो. स्टोकर मात्र मागच्या चाकावर, आणि खड्डा न दिसल्यामुळे तयारीत नसलेला! कॅप्टन सीटवरून उठून दणका पायांवर घेतो, मागच्याचा मणका मोजतो. म्हणून बजेट दोन भागांत वाटा. फोर्कवर ताकदीपुरतं खर्च करा आणि उरलेल्यातून स्टोकरला केन क्रीकच्या थडबस्टरसारखा सस्पेन्शन सीटपोस्ट घ्या. आणि कॅप्टनसाहेब, खड्डा आला की तोंडाने सांगा. ते फुकट आहे.

फोर्कची निवड नेहमी कॅप्टन करतो, कारण हँडल त्याच्या हातात. पण तो फोर्क दगा देईल तेव्हा ज्याला पुढचं काही दिसत नसतं, असा माणूस मागे बसलेला असतो. दुकानात जाताना त्याला सोबत न्या. ‘हा हलका आहे, रंग पण सही आहे’ असं म्हणायचा मोह झाला की मागे वळून एकदा त्याच्याकडे बघा. मग जाड, जड आणि परवानगी असलेलाच घ्याल.