पाणी कोणत्या महिन्यातले?

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात येलदरीला धाकट्या बहिणीकडे दोन दिवस मुक्काम होता. संध्याकाळी भाचा मला जलाशयाच्या काठी घेऊन गेला. काठी म्हणजे, ऑक्टोबरात जिथे काठ असतो तिथे. पाणी तेथून बरेच खाली सरकले होते. मधल्या उतारावर भेगाळलेला गाळ, त्यात गुरांच्या खुरांचे वाळलेले ठसे, आणि पाणी जसजसे मागे हटले तसतशी त्याच्यामागे उतरत गेलेली कोणाची तरी गाळपेर. डोक्यावर वीजगृहाकडून येणाऱ्या तारा होत्या.

"मामा, या जागेचा फोटो मी विकला होता," भाचा म्हणाला. "पाण्यासकट. आणि तारांशिवाय."

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की माझा पिढीजात व्यवसाय कापडाचा. छायाचित्रणातले मला कळत नाही. परंतु घरातलाच मुलगा नव्या धंद्यात उतरला आहे आणि 'धंदा वाढवायचा कसा?' हा त्याचा प्रश्न आपल्या अनेक घरांतल्या मुलांचा आहे. म्हणून यावेळी त्याच्याविषयी लिहितो.

त्याचा धंदा घरे, सदनिका, भूखंड आणि दुकानगाळे यांची विक्रीसाठी छायाचित्रे काढण्याचा. प्रारंभ सगळ्यांसारखाच लग्नांपासून झाला. दोन हंगाम जिंतुरातल्या एका स्टुडिओत काढल्यावर त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि ती त्याने मला अगदी दुकानदाराच्या भाषेत सांगितली: लग्नाचा ग्राहक एकदाच येतो, बांधकाम व्यावसायिक मात्र इमारत उभी राहीपर्यंत आणि नंतर पुढच्या इमारतीसाठी पुन्हा पुन्हा येतो. शिवाय लग्नाला तिथी लागते. घराला फक्त चांगला उजेड लागतो. परभणीत नव्या वसाहती उभ्या राहत आहेत, पुण्यात नोकरी करणारी मुले गावाकडचे घर मोबाइलवर पाहूनच पहिला होकार किंवा नकार देतात. म्हणजे पूर्वी जी पहिली भेट दलालाच्या मोटारसायकलवर बसून होत असे ती आता छायाचित्रात होते. ही त्याची पारख मला पटली.

कामही तो मन लावून करतो. मी त्याच्याबरोबर परभणीतल्या एका घरी गेलो होतो. आधी तासभर कॅमेरा पिशवीतच होता. त्याने ओट्यावरची भांडी हलवली, दाराआडचा झाडू उचलला, पंखे बंद केले. पंखे कशाला, असे मी विचारले, तर म्हणाला, कमी उजेडात कॅमेऱ्याचे झाकण जास्त वेळ उघडे ठेवावे लागते, तेवढ्यात फिरती पाती पुसट होतात. मग कॅमेरा ट्रायपॉडवर, छातीच्या उंचीला. एकाच जागेवरून एक अंधारे, एक मध्यम, एक उजळ अशी तीन किंवा पाच छायाचित्रे आणि नंतर संगणकावर त्यांचे एक, म्हणजे खोलीही दिसते आणि खिडकीबाहेरचे झाडही पांढरे फटक होत नाही. भिंतींच्या उभ्या रेषा उभ्याच दिसल्या पाहिजेत यासाठी तो ट्रायपॉडशी इतका वेळ झटापट करतो की पाहणाऱ्याचे पाय दुखतात.

या उभ्या रेषांवरून मला राजा दीनदयाळ आठवले. आपल्यापैकी अनेकांना ते आपले आहेत हेही ठाऊक नसते. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुरकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकले आणि १८६६ मध्ये इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या व खर्चाचा अंदाज बांधण्याच्या नोकरीला लागले. कॅमेरा हाती आला तो त्यानंतर, १८७४ च्या सुमारास. १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्यासह मध्य भारतातल्या प्राचीन वास्तू त्यांनी टिपल्या. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले; आपला परभणी जिल्हा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. शिकारी, मेजवान्या, संचलने यांची त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत, पण मला भुरळ घालतात ती वाड्यांची आणि दिवाणखान्यांची. झुंबर, गालिचा, खांबांची रांग, सारे जिथल्या तिथे आणि जेवढ्यास तेवढे. नकाशा काढलेला हात होता तो. खांब कलता दिसला तर त्यांना तो मोजमापातला दोष वाटला असणार.

त्यांचा व्यवसाय कसा वाढला याची सालेही भाच्याला मी मुद्दाम कागदावर लिहून दिली. सिकंदराबादचा स्टुडिओ १८८६. हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ १८९२. तिथे छायाचित्र काढणारीही एक इंग्रज स्त्रीच होती, म्हणजे पडद्यातल्या स्त्रियांच्या अडचणीतून त्यांनी नवा ग्राहकवर्ग ओळखला. मुंबईचा स्टुडिओ १८९६. कॅमेरा हाती आल्यापासून मुंबईपर्यंत बावीस वर्षे. भाचा कागद पाहून हसला. त्याला या दिवाळीला ड्रोन हवा आहे.

आता त्या जागेकडे येतो.

मागच्या ऑक्टोबरात एका जमीन-मध्यस्थाने त्याला जलाशयाकाठच्या भूखंडांची छायाचित्रे काढायला सांगितले. चांगल्या पावसाचे वर्ष, येलदरी तुडुंब. पूर्णेचे ते विस्तीर्ण पाणी आणि त्यावर उतरलेली संध्याकाळ. छायाचित्र उत्तम आले होते. मी ते पाहिले आहे. मध्यस्थ म्हणाला, तेवढ्या तारा आणि तो मनोरा काढून टाक, पाचशे रुपये वरचे घे. संगणकावर दहा मिनिटांचे काम. याने केले. वर हौसेने कोपऱ्यात आपले नाव आणि मोबाइल क्रमांकही घातला.

त्या छायाचित्रावर परभणीच्या एका निवृत्त शिक्षकांनी इसार दिला, पन्नास हजार रुपये. जागा पाहायला ते मे महिन्यात आले, मोबाइलमधले छायाचित्र समोर धरून. पाणी खाली गेलेले, तारा डोक्यावर. मध्यस्थाने फोन उचलला नाही, म्हणून त्यांनी कोपऱ्यातला क्रमांक लावला. "हा फोटो तुमचाच ना?" एवढेच त्यांनी विचारले. रागावले असते तर बरे झाले असते, असे भाचा म्हणतो.

त्याने स्वतःचा बचाव माझ्यापुढेही मांडून पाहिला. पाणी तर खरेच होते, ऑक्टोबरात असतेच. ते मी मान्य केले. धरण हे वीज आणि सिंचनासाठी आहे, साठा उन्हाळ्यापर्यंत उतरणारच, आणि हे परभणीच्या माणसाला कळायला हवे. पण तारांचे काय? यावर तो गप्प बसला.

आमच्या दुकानात वडिलांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने रंग पसंत केला की तो तागा दिव्याखालून उचलून दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन उलगडायचा. दिव्याखाली जांभळा दिसणारा रंग उन्हात कधी तपकिरी निघे आणि सौदा मोडे. लहानपणी मला तो शुद्ध वेडेपणा वाटे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांतला 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे असलीच्या जागी तिच्यासारखी दिसणारी नकली वस्तू खपवणे, वडिलांनी मला ग्रंथातून नव्हे तर त्या दारात समजावला. छायाचित्र ही वस्तूची प्रतिकृतीच. त्यामुळे या धंद्यात हा अतिचार दोन बोटांच्या अंतरावर असतो. उजेड वाढवणे, भिंतीवरचा तात्पुरता डाग पुसणे, ढगाळ दिवसाऐवजी स्वच्छ दिवस निवडणे हे मला क्षम्य वाटते. झाडू हलवला तर घर बदलत नाही. पण जे विकत घेणाऱ्याच्या ताब्यात येणारच आहे आणि तिथून हलणार नाही, ते पुसता येणार नाही: मनोरा, नाला, शेजारची भिंत, छताची गळती. अतिरुंद भिंगाचेही तेच. दहा बाय बाराची खोली त्यातून दिवाणखान्यासारखी दिसते, कडेचा सोफा ओढून लांबवल्यासारखा होतो. ग्राहक येतो, दारातच त्याचा चेहरा पडतो, आणि विकणाऱ्याचा दिवस फुकट जातो. भाचा आता खोलीच्या छायाचित्रात दाराची चौकट येऊ देतो. तिच्यावरून डोळ्याला माप कळते.

कायद्याच्या बाजूनेही आम्ही बसून वाचले, कारण नुसत्या पश्चात्तापाने धंदा चालत नाही. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या किंवा चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी आगाऊ रक्कम दिली आणि त्याचे नुकसान झाले तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागता येतात. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक असावा लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. जबाबदारी प्रवर्तकाची खरी. म्हणूनच जो बांधकाम व्यावसायिक हे सारे जाणतो त्याला खोटे छायाचित्र नकोच असते, आणि टिकणारा ग्राहक तोच. भाचा आता काम घेण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारतो. ज्याला तो प्रश्न आवडत नाही त्याचे काम घेत नाही. दोन कामे अशी गेली.

दुसरी गोष्ट त्याला नवीन होती आणि मलाही. कोपऱ्यात आपले नाव घातले म्हणजे छायाचित्र आपले, अशी त्याची समजूत. परंतु प्रतिलिप्याधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे हक्क मध्यस्थाचा आणि अब्रू मात्र याची! आता तो एका पानाचा करारनामा करतो. छायाचित्र कोणत्या मालमत्तेसाठी, किती महिने वापरायचे, त्यात परस्पर फेरफार करायचा नाही, आणि पाणी किंवा पीक दिसत असेल तर खाली महिना व वर्ष छापायचे. शेवटची अट मी घातली. ती वाचून एक शेतमालक म्हणाला म्हणे, "मग दोन्ही काढा, भरल्याचा आणि उतरल्याचा." आम्हाला हे सुचले नव्हते.

पैशांविषयी मात्र आमचे अजून जमलेले नाही. एका घराचे तो पंधराशे रुपये घेत असे. मी वही उघडली. येलदरीहून परभणी साठेक किलोमीटर, जाऊन-येऊन एकशे वीस, पेट्रोलचे अडीचशे-पावणेतीनशे. घरात तीन तास, वाटेत तीन तास. वीस छायाचित्रे, प्रत्येकी पंधरा मिनिटांचे संस्करण म्हणजे आणखी पाच तास. कॅमेऱ्याची झीज धरलेलीच नाही. अकरा तासांची उरलेली मजुरी सव्वाशेच्या पुढे जात नाही ताशी. मी म्हटले, दर वाढव आणि परभणीची कामे आठवड्यातून दोनच दिवस, एकेका दिवशी दोन-तीन घरे अशी बांध. दर वाढवला तर लोक मोबाइलवरच काढून घेतील, हे त्याचे उत्तर. काही घेतीलही, घेऊ द्यावे. मोबाइलमध्ये जो समाधानी आहे तो कापडातल्या कटपीसच्या ग्राहकासारखा, त्याच्यासाठी तागा फाडायचा नसतो.

ड्रोनसाठी त्याला मुद्रा योजनेतून कर्ज घ्यायचे आहे. कर्जाला माझा विरोध नाही, घाईला आहे. ड्रोन नियम, २०२१ आहेत. २५० ग्रॅमच्या आतल्या लहान ड्रोनला त्यात सवलती आहेत, पण उड्डाणाचा टापू शासनाच्या डिजिटल स्काय नकाशावर पाहावाच लागतो आणि येलदरीत तर धरण आणि वीजगृह उशाला. विचारणा करणारे किती ग्राहक खरोखर आकाशातून पाहू इच्छितात याची नोंद दसऱ्यापर्यंत ठेव, मग बोलू, असे ठरले. त्याने वही केली आहे. अजून तिच्यात चारच नोंदी आहेत.

राहिले ते गुरुजी. भाचा त्यांना घेऊन मध्यस्थाकडे गेला. सोबत मूळ छायाचित्र होते, तारा आणि मनोऱ्यासह. फाइलमध्ये कॅमेऱ्याने स्वतःच नोंदलेली तारीखही होती. "तारा मी काढल्या, यांच्या सांगण्यावरून," असे त्याने तिथे सर्वांसमोर सांगितले. हे सांगताना घशाला कोरड पडली होती, म्हणाला. पंचवीस हजार परत मिळाले. उरलेल्या पंचवीसांना मध्यस्थाने दसऱ्याचा वायदा केला आहे; ते मिळतील असे मला वाटत नाही. पाचशे रुपये भाच्याने गुरुजींच्या हाती ठेवले, ते त्यांनी घेतले नाहीत. त्या मध्यस्थाकडून अर्थातच पुन्हा काम नाही, आणि त्याच्या ओळखीच्या आणखी दोघांकडूनही नाही. बहिणीला याची काळजी वाटते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, त्याला व्यवहार शिकवायला बोलावलं होतं तुला."

गुरुजींचा मात्र परवा फोन आला होता. पलीकडच्या अंगाला एक जागा पाहिली आहे, फोटो काढशील का, आणि याच महिन्यात काढ, असे म्हणाले. त्यासाठीच आम्ही त्या संध्याकाळी निघालो होतो. तो गाळात ट्रायपॉडचे पाय रोवत होता आणि एक पाय सारखा खचत होता. उजेड जेमतेम अर्धा तास उरला होता, म्हणून मी चपला हातात घेतल्या आणि तो पाय धरून उभा राहिलो.